उताराचं पान

१

सहलीच्या जुडीतलं सातवं पान नाहीसं झालंय हे टाचणीच्या लक्षात आलं, तेव्हा निघायला चार दिवस उरले होते.

तिनं पानं पुन्हा मोजली. पाच, सहा, आठ, नऊ. दोन पानं एकमेकांना चिकटली असतील म्हणून सहाव्या पानाची कड नखानं खरवडून पाहिली. नव्हती चिकटली. टेबलाखाली वाकून पाहिलं, कागदाची टोपली उलटी केली, खुर्चीवरची उशीसुद्धा झटकली. मग ती उशी हातात धरून उगीचच उभी राहिली.

छापायला जाण्याआधी पुस्तकांतल्या चुका काढायच्या, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. पण टाचणी हे नाव त्याच्याही कितीतरी आधीचं, ती सात-आठ वर्षांची असताना बाबांनी ठेवलेलं. "दिसायला एवढीशी," ते म्हणत, "पण टोचते बरोबर जिथे टोचायचं तिथेच."

बाबांचं सायकलींचं दुकान होतं. खाली दुकान, मागे दोन खोल्यांचं घर आणि जिना चढून वर ही एक खोली. इथे बसून बाबा दर वर्षी डोंगरातल्या सहलीची आखणी करत. रेल्वेनं पायथ्यापर्यंत जायचं, तिथून डोंगरी सायकलींवर दोन दिवस धारेधारेनं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो लांबलचक उतार उतरून तळ्याकाठच्या थंड हवेच्या गावात. सोबतीला धाकटा भाऊ आणि दोन मित्र. बाबांना जाऊन आता आठ महिने झाले होते. सकाळी दहा वाजता, दुकानात, हातात पाना असताना हृदय थांबलं. यंदाची सहल त्यांच्या नावानं करायची असं ठरलं होतं, आणि सगळ्यांच्या पुढे राहायचं होतं टाचणीनं.

जुडी म्हणजे नऊ जाड पानं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक भोक, त्यातून ब्रेकची जुनी तार ओवून केलेलं कडं, आणि तारेची दोन्ही टोकं उसवू नयेत म्हणून एका इवल्याशा टोपीत पक्कडीनं दाबलेली. किल्ल्यांच्या जुडग्यासारखी पानं पुढेमागे फिरवायची. पहिल्या पानावर बाबांच्या ठसठशीत अक्षरात नियम लिहिला होता: 'एक थांबला की सगळे थांबले. वेळ लिहायची.' आणि खरोखरच प्रत्येक नकाशाखाली दर वर्षीच्या ओळी होत्या. जागा, थांबलो, निघालो. पेन्सिलीनं, मिनिटासकट.

सातवं पान उताराचं होतं. त्या उतारावर तिसऱ्या वळणानंतर वाट फुटते. उजवीकडची गावात जाते. डावीकडची दगडाच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या काठावर जाऊन संपते, आणि काठाला कठडा नाही. झाडी इतकी दाट, की वेगात येणाऱ्याला दोन्ही वाटा सारख्याच दिसतात. मोबाइलच्या नकाशात तर ती पाऊलवाटच नाही. टाचणी त्या उतारावरून दोनदाच गेली होती, तीही कॉलेजात असताना, बाबांच्या मागच्या चाकावर नजर खिळवून.

तिनं कडं दिव्याखाली धरलं. भोकाजवळ कागदाचा फाटका कपटासुद्धा नव्हता. टोकाची निळी टोपी जागच्या जागी घट्ट होती. म्हणजे कोणी घाईत ओरबाडलं नव्हतं. कडं उघडून, एकच पान सावकाश काढून, कडं पुन्हा मिटवलं होतं.

खोलीची किल्ली दुकानातल्या खिळ्याला असते. हे ठाऊक असलेली माणसं मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली असती.

२

रविवारी, आई सोडून, ती सगळी माणसं याच खोलीत होती.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं, म्हणून बैठक तेव्हा ठेवलेली. डॉक्टर आले होते. हे दातांचे डॉक्टर, बाबांचे वीस वर्षांचे सोबती. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या, गळ्यात शिट्टी तशीच. आईनं खालूनच चहाची किटली पाठवली होती. काका सगळ्यांत शेवटी वर आला. "गिऱ्हाईक होतं," म्हणाला, आणि दाराजवळच्या खोक्यावर टेकला.

खोल्यांची नोंदणी, सामान, पंक्चरचं साहित्य, सगळं ठरत गेलं. डॉक्टर म्हणाले, "मला बाईंच्या शेजारची खोली नको. या झोपेतही शिट्टी मारतात."

"तुमच्या घोरण्याला तेवढा एकच उपाय आहे," बाई म्हणाल्या.

काका मात्र एकाएकी म्हणाला, "मी यंदा सामानाची गाडी घेऊन येतो. आणि तो उतार सोडूनच द्या. तुम्हीही वरून गाडीतच बसा, रस्त्यानं जाऊ. काय नडलंय?"

"उतार सोडायचा? मग सहल कसली!" बाई म्हणाल्या. डॉक्टर काहीच बोलले नाहीत. एरवी ते गप्प बसण्यातले नव्हेत.

टाचणीनं जुडी मोठ्यानं वाचायला घेतली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. सहाव्या पानाच्या तळाशी गेल्या वर्षीची ओळ आली, आणि ते अक्षर पाहून तिला पुढे वाचवेना. "सातवं मंगळवारी बघते," एवढंच कसंबसं म्हणून तिनं जुडी मिटली.

म्हणजे सातवं पान तिनं अजून वाचलेलं नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. आणि ती ते कधी वाचणार, हेही.

बुधवारी सकाळी ती आधी दुकानात गेली. काका एका सायकलीला नवी ब्रेकची तार बसवत होता. भिंतीशी तिघांच्या सायकली धुऊनपुसून, तेल देऊन उभ्या होत्या. काकाची स्वतःची मात्र वर हुकाला लटकत होती, साखळी गंजलेली.

"काका, सातवं पान गेलंय."

"गेलंय म्हणजे? पडलं असेल कुठे."

"कड्यातून पडत नाही."

"मग तुझ्या आईनं आवरताना..." त्यानं तारेचं टोक कापलं, बशीतून टोपी उचलली आणि पक्कडीनं दाबली. "बघ हा रंग! उन्हाळ्यापासून हेच निळं खूळ पाठवतोय घाऊकवाला. गिऱ्हाईक नाकं मुरडतात. तुझा बाप असता तर डबा तसाच परत धाडला असता." मग मान वर न करता म्हणाला, "पान नाही तर उतार नको. सरळ हिशोब आहे, पोरी. खाणीत पडण्यापेक्षा गाडी बरी."

मधल्या सुट्टीत तिनं बाईंना शाळेच्या मैदानावर गाठलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पन्नास मुलींना एका शिट्टीत रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, "माझ्यावर संशय असेल तर सरळ विचार. मला राग येत नाही."

"तुम्ही घेतलंत?"

"नाही. आणि राग आला." त्या हसल्या. मग हसू मावळलं. "गेल्या वर्षी मी सहलीला नव्हते, आठवतं? खांद्याचं हाड मोडलं होतं. हे तिघंच गेले होते. तुझे बाबा, काका आणि डॉक्टर. मी हॉटेलवर फोन केला, पोचलात का म्हणून विचारायला. दर वर्षी चारला पोचतात. त्या दिवशी सहा वाजून गेले तरी पत्ता नव्हता. अंधार पडल्यावर पोचले. काय झालं, तर म्हणे पंक्चर."

"बाबांना पंक्चर काढायला दहा मिनिटं लागायची."

"मला माहीत नाही का?" बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुला सांगतेय."

टाचणी फाटकापर्यंत आली आणि तिथला गज धरून उभी राहिली. गेल्या वर्षी त्या उतारावर काहीतरी झालं होतं. बाबांनी ते लिहून ठेवलं असणार, मिनिटासकट. आणि नंतर चारच महिन्यांनी त्यांचं हृदय बंद पडलं.

३

डॉक्टरांना दवाखान्यात भेटायचं म्हणजे खुर्चीत आडवं व्हावं लागतं. दुसरी बसायची जागाच तिथे नाही.

"आ कर," ते म्हणाले.

"मला दाताचं काही नाहीये, मला विचारायचंय की..."

"आलीयस तर बघून घेतो. आ."

तिनं तोंड उघडलं. डॉक्टरांनी आरसा आत घातला, आणि ती कधी नव्हे ती मुकाट पडून राहिली. डॉक्टर मात्र बोलत सुटले. यंदा थंडी लवकर पडणार, तळ्यावरचं ते हॉटेल आता पूर्वीसारखं राहिलं नाही, डावीकडची अक्कलदाढ काढायला झालीय. माणूस एवढा बोलतो, तो काहीतरी बोलायचं टाळण्यासाठीच. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि आरसा बाहेर काढला.

"डॉक्टर, मी त्या हॉटेलला फोन केला होता, खोल्या पक्क्या करायला. ते म्हणाले, सोमवारी कोणीतरी विचारत होतं, नोंदणी रद्द करता येईल का म्हणून. आवाज पुरुषाचा. आणि माणूस फार गप्पिष्ट होता म्हणे."

डॉक्टरांनी आरसा ताटलीत ठेवला. "मीच."

"पान?"

"नाही. आईशप्पथ नाही. पान मी घेतलं नाही."

"पण त्यावर काय होतं ते तुम्हाला माहितीये."

ते हात धुवायला वळले. नळ बराच वेळ वाहत राहिला.

टाचणी उठून बसली. आठ महिने ती एकच गोष्ट उगाळत होती. त्या सकाळी साडेनऊला बाबांचा फोन आला होता आणि तिनं "कामात आहे, नंतर करते" म्हणून ठेवला होता. अर्ध्या तासात सगळं संपलं. तेव्हापासून रोज तिला वाटे, आवाजात काही होतं का? धाप? दुखणं? शब्दातली चूक शंभर पानांतून हुडकून काढणारी ती, बापाच्या आवाजातली तिला ऐकू आली नाही?

"बाबांना तिथे त्रास झाला होता ना?" तिनं विचारलं. "उतारावर. छातीत. आणि तुम्ही तिघांनी ते लपवलंत. बाबांनी सांगितलं, घरी कळू देऊ नका, आणि तुम्ही ऐकलंत. खरं सांगा, त्याच वेळी कळलं असतं तर ते आज..."

"नाही ग." डॉक्टर गर्रकन वळले. ओले हात तसेच समोर धरलेले. "हे डोक्यातून काढून टाक. तुझ्या बापाला त्या दिवशी काही म्हणजे काही झालं नव्हतं. घोड्यासारखा होता तो."

"मग एवढा वेळ कोण..."

डॉक्टरांनी ओठ मिटले. जीभ चावल्यासारखा चेहरा झाला.

"मी शब्द दिलाय," ते म्हणाले.

"बाबा गेले, डॉक्टर. त्यांना दिलेला शब्द आता कोणासाठी पाळताय?"

डॉक्टरांनी टॉवेल उचलला, एकेक बोट पुसलं.

"गेलेल्याला दिलेला असता, तर केव्हाच मोडला असता," ते हळूच म्हणाले. "हा जिवंत माणसाला दिलाय."

४

गुरुवारची संध्याकाळ झाली. परवा निघायचं. चार माणसं, एक उतार, आणि वाट दाखवणारा कागद त्यातल्याच कोणाच्या तरी खिशात. सहल रद्द करावी तर बाबांची शेवटची गोष्ट आपल्या हातानं मोडली असं होणार. न करावी तर त्या वळणावर तिच्या मागून येणाऱ्यांचा जीव तिच्या हवाली.

आई मागच्या खोलीत बाबांचे शर्ट निवडत बसली होती. द्यायचे एकीकडे, ठेवायचे दुसरीकडे. द्यायच्या ढिगात अजून एकही नव्हता.

"आई, स्पष्ट विचारते. तुला ही सहल नकोच होती. पान तू काढलंस का?"

"काढलं असतं तर बरं झालं असतं," आई म्हणाली. "सुचलं नाही मला."

"हसण्यावारी नेऊ नकोस."

"मी हसतेय का?" आईनं शर्टाची कॉलर सरळ केली. "मला तो डोंगर आवडत नाही, कधीच आवडला नाही. दर वर्षी तीन दिवस मी या घरात कशी काढायची ते मलाच ठाऊक. पण तुझ्या बापाचं अक्षर मी हलवणार नाही. त्याचा चष्मासुद्धा मी अजून हलवलेला नाही. आणि वरच्या खोलीत मी जाऊ कशी? तो गेल्यापासून मी तो जिना चढलेले नाही. एकदाही नाही."

टाचणी दाराकडे वळली. मग एकदम म्हणाली, "एकदाही नाही?"

"चहासुद्धा वर पाठवते तो कोणाच्या तरी हातून. बघितलंस ना तू."

"मग ते स्टूल कोणाचं?"

"कुठलं स्टूल?"

"जिन्याच्या मधल्या वळणावरचं. मला वाटलं, तुझ्या गुडघ्यांसाठी ठेवलंय. चढताना टेकायला."

"मी चढतच नाही तर टेकू कशाला?" आई म्हणाली. "भाऊजींनी ठेवलं असेल. दुकानातलंच आहे."

टाचणी जिन्याशी गेली. अठरा पायऱ्यांचा जिना. नवव्या पायरीपाशी वळण, आणि तिथे ते स्टूल. बसायच्या जागेवर वंगणाचा काळा डाग. त्याच जागी, पुन्हा पुन्हा बसल्यासारखा.

नऊ पायऱ्या. डोंगरात दिवसाला साठ किलोमीटर सायकल चालवणारा माणूस, आणि नऊ पायऱ्यांनंतर बसायला स्टूल.

ती वर धावली. जुडी हातात घेतली, आणि या वेळी पानांकडे बघितलंच नाही. बघितली ती कड्याची टोपी. निळी.

उन्हाळ्यापासून येणारी निळी.

आणि बाबा हिवाळ्यात गेले होते.

५

शुक्रवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका एका चाकाचा आऊट काढत होता. चाक फिरवायचं, कुठे लचकतं ते बघायचं, एखादी तार किंचित आवळायची, पुन्हा फिरवायचं. टाचणी समोरच्या खोक्यावर बसली. जुडी मांडीवर.

"काका, रविवारी वर यायला उशीर का झाला तुला?"

"सांगितलं ना. गिऱ्हाईक होतं."

"रविवारी दुपारी दुकान बंद असतं. म्हणून तर बैठक ठेवली होती."

चाक फिरत राहिलं. काका त्याच्याकडेच बघत होता.

"मी सांगते, तू ऐक," ती म्हणाली. "हे कडं कोणीतरी बाबा गेल्यानंतर उघडलंय, कारण टोपी निळी आहे. बाबांच्या हयातीत निळ्या टोप्या दुकानात आल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी उघडलं असतं तर तारेची टोकं त्यांनी नुसती पिळून ठेवली असती. बाईंनी सुतळी बांधली असती. मी तर गाठही मारली नसती. तारेचं टोक उघडं राहिलं की ते उसवतं, आणि उसवलेली तार बघवत नाही, असा माणूस या जगात मला एकच माहितीये. दोन होते."

काकानं चाकावर तळवा ठेवला. ते थांबलं.

"चोरी करायला गेलास आणि टोपी लावून आलास, काका."

"हाताची सवय," तो पुटपुटला. "कळलंसुद्धा नाही मला."

"तू गाडी चालवतो म्हणालास. तुझ्या साखळीवर गंज चढलाय. जिन्यात तुझं स्टूल आहे. आणि डॉक्टरांनी शब्द दिलाय तो जिवंत माणसाला." तिनं श्वास घेतला. "गेल्या वर्षी उतारावर बाबा नव्हते थांबले. तू थांबला होतास. तुझ्यासाठी सगळे थांबले होते."

काकानं हात फडक्याला पुसले. मग उठला, हुकाला लटकणाऱ्या स्वतःच्या सायकलीपाशी गेला, सीटखालच्या पिशवीची चेन उघडली आणि चार घड्या घातलेला जाड कागद काढला. तेवढं करून त्याला खोक्याचा आधार घ्यावा लागला. ओठांभोवती पांढरं पडलं होतं.

"वाच. आता काय लपवायचं!"

तिनं पान उलगडलं. तिसरं वळण, डावीकडे फुटणारी वाट, तिच्यावर लाल पेन्सिलीनं फुली: 'वठलेलं झाड दिसलं की उजवीकडे.' खाली वर्षावर्षांच्या ओळी. पाच मिनिटं, सात मिनिटं, पाच. आणि शेवटची:

'तिसरं वळण. थांबलो एक वाजून दहा. धाकट्याच्या छातीत कळ. म्हणतो घाम आहे. दोन. तीन. अजून थांबलेलेच. निघालो साडेपाच, चालत, सायकली ढकलत. परत गेल्यावर त्यानं तपासून घ्यायचं कबूल केलंय. महिन्याभरात गेला नाही, तर टाचणीला सांगायचं. ती सोडत नाही.'

टाचणीनं शेवटचे तीन शब्द पुन्हा वाचले. पुन्हा एकदा. मग पान मांडीवर पालथं ठेवलं.

"गेला नाहीस," ती म्हणाली.

"डॉक्टरला सांगितलं, जाऊन आलो, सगळं ठीक आहे. त्याचा विश्वास बसला नाही, पण तो बिचारा मला धरून तर नेणार नव्हता. तुझ्या बापाला रोज नवी थाप. तीन महिने चालवलं." काकानं कपाळ पुसलं. "मग त्या सकाळी तो भडकला. याच जागी. म्हणाला, आत्ताच्या आत्ता टाचणीला फोन लावतो. लावलाच."

दुकानात कुठेतरी एक थेंब टपकत होता. बादलीत, ठरावीक अंतरानं.

"मी इथे उभा होतो," काका म्हणाला. "तू म्हणालीस, नंतर करते. त्यानं फोन ठेवला. आणि मी, पोरी, मी मनात म्हटलं, सुटलो. ते म्हणून व्हायला अर्धा तास नाही झाला, तो पाना हातात घेऊन खाली बसला. माझ्या छातीची काळजी करता करता. आणि गेला कोण, तर तो. त्यानंतर मी कुठल्या तोंडानं तपासायला जाऊ? कशासाठी?"

आठ महिने तिनं तो फोन मनातल्या मनात हजारदा उचलला होता. दर वेळी बाबा म्हणायचे, मला बरं वाटत नाहीये. आता पहिल्यांदा तिला खरं वाक्य कळलं. ते काकाबद्दल होतं. धाप नव्हती, दुखणं नव्हतं; तिला ऐकू न आलेलं असं आवाजात काहीच नव्हतं. ते भावावर चिडलेले होते, एवढंच.

तिला रडू आलं. काकालाही आलं असावं, कारण त्यानं हातातला फडका तोंडाला लावला आणि नाकाला काळं फासून घेतलं.

"उद्या सकाळी नऊला," ती म्हणाली.

"हो, गाडी मी..."

"गाडी बाई चालवतील. तू मागे बसायचंस. डोंगरावर नाही जायचंय आपल्याला."

"अगं, खोल्या पक्क्या केल्यात, तिकिटं काढलीत, तुझ्या बापाची सहल..."

तिनं जुडी उलटी केली आणि पहिलं पान त्याच्यासमोर धरलं. काकानं वाचलं. त्याला ते पाठच होतं. तरी वाचलं, आणि त्यानंतर वाद घातला नाही.

६

शनिवारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ते चौघं बाकावर ओळीनं बसले होते. आईसुद्धा. बाई सायकलचे बूट घालून आल्या होत्या, कारण दुसरे बूट सामानात बांधून टाकले होते. डॉक्टर दर दहा मिनिटांनी उठून आत डोकावत आणि नर्सचं बोलणं खाऊन परत येत.

"तुम्ही डॉक्टर आहात ना? मग आत का नाही सोडत?" आईनं विचारलं.

"मी दातांचा, वहिनी. इथे मला कंपाउंडरसुद्धा ओळखत नाही."

बाई हसल्या. टाचणी दाराकडे बघत होती. दार उघडलं की तिचे खांदे वर जात, मिटलं की खाली येत नसत.

अकराच्या सुमारास हृदयाच्या डॉक्टर बाहेर आल्या. तीन नळ्या तुंबल्यात, म्हणाल्या. एक जवळजवळ पूर्ण. आजच उघडायला घेतोय. मग हातातल्या कागदावरून वर बघत म्हणाल्या, "आज कुठे प्रवासाला निघाले होते म्हणे?"

"डोंगरात," टाचणी म्हणाली. "सायकलींवर. ते गाडी चालवणार होते. घाटातून, आम्हाला सगळ्यांना बसवून."

त्यांनी कागद मिटला. नुसती मान हलवली आणि आत गेल्या. आईनं टाचणीचा हात घट्ट धरला.

टाचणीनं जुडी काढली. कडं उघडंच होतं. सातवं पान परत ओवलं होतं, पण टोपी लावली नव्हती. तिनं उताराच्या नकाशाखाली, बाबांच्या ओळीखाली, पेन्सिलीनं नवी ओळ घातली. जागेच्या रकान्यात लिहिलं, व्हरांडा. थांबलो, सव्वानऊ. निघालोचा रकाना कोरा ठेवला.

तेवढ्यात काकाला चाकांच्या खाटेवरून बाहेर आणलं. आडवा पडलेला काका तिनं कधी पाहिला नव्हता. तो एकदम लहान दिसत होता. आई पुढे झाली. "भाऊजी," एवढंच म्हणाली, आणि त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

काकानं मान वळवून एकेकाकडे बघितलं. "सगळे इथेच? मग सहलीला गेलं कोण?"

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "नियम आहे."

त्याची नजर टाचणीच्या हातातल्या जुडीवर गेली. मोकळ्या तारेच्या टोकावर. एवढ्यातही त्याच्या कपाळाला आठी पडली.

"टोपी कुठाय तिची? उसवेल ना."

टाचणीनं खिशातून टोपी काढली आणि तळहातावर धरून त्याला दाखवली. निळी, शेंगदाण्याएवढीसुद्धा नाही.

"माझ्याकडे पक्कड नाही," ती म्हणाली. "बाहेर आलास की तूच लाव."

खाट पुढे सरकली. दार मिटलं. ती बाकावर आईशेजारी बसली, तारेची दोन्ही टोकं चिमटीत घट्ट धरून.